ट्रंक भंगारात जाते तेव्हा कोणाचा इतिहास जातो?

वरळीच्या बीडीडी चाळी रिकाम्या होत आहेत. 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन, चार-चार पिढ्या काढलेल्या माणसांना 500 चौरस फुटांचे घर मिळते आहे, याचा आनंद आम्हालाही आहे. पण या घरबदलात पोटमाळ्यावरून जे खाली उतरते आणि नव्या घरी न जाता भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते, त्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

अशाच एका खोलीचे सामान हलवायला आम्ही पाच-सहा कार्यकर्ते गेलो होतो. पोटमाळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक काढली. कडी गंजलेली, तळाला वर्तमानपत्र, त्यावर जुनी कागदपत्रे आणि सर्वात खाली घडी घातलेले एक पांढरे लुगडे, घड्यांवर पिवळे पडलेले. घरातली सून म्हणाली, "कुणा विधवा बाईचं असेल. असलं नव्या घरात कशाला न्यायचं?" भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, आणि तोंडी शकुन-अपशकुन! पण तिला दोष देण्यात अर्थ नाही. ते लुगडे कोणाचे आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. खाटेवर बसलेल्या आजी तेवढ्यात म्हणाल्या, "माझ्या आईचं हाय ते. सोळा तारखेसाठी घेतलं होतं. सोळा तारीख आलीच नाही. सातलाच नेसली."

घरातल्या कोणालाही याचा अर्थ लागला नाही. सोळा म्हणजे काय? सात म्हणजे काय? तरुण वाचकांनाही कदाचित लागणार नाही, म्हणून सांगतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर 16 डिसेंबर 1956 रोजी मुंबईत दीक्षा सोहळा व्हायचा होता. नागपूरप्रमाणे मुंबईतही शुभ्र वस्त्रांची तयारी घरोघरी चालली होती. 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. 7 डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी प्रचंड जनसमुदायाला दीक्षा दिली. दीक्षेसाठी घेतलेले लुगडे त्या माउलीने अंत्ययात्रेत पहिल्यांदा नेसले आणि तेच नेसून ती बौद्ध झाली. त्यानंतर ते कधी नेसले नाही, घडी करून ट्रंकेत ठेवले. आजींचे वय तेव्हा अकरा होते.

हा सगळा इतिहास आजींच्या चार वाक्यांत होता. आमच्या खिशांत मिळून सहा स्मार्टफोन होते आणि त्यातला एकही चालू नव्हता. त्या दिवसापासून आम्ही हा विषय डोक्यात घेतला आहे.

आपल्या समाजाला इतिहास शिकवताना आपण नेहमी म्हणतो की प्रस्थापितांनी आपला इतिहास लिहिला नाही. हे खरेच आहे. सरकारी दप्तरात आपले आजोबा-पणजोबा कुठे सापडतात? वतनाच्या नोंदीत, वेठीच्या तक्रारीत, पोलिसांच्या अहवालात. म्हणजे दुसऱ्याने, दुसऱ्याच्या कामासाठी केलेल्या नोंदीत. आपण स्वतः जपून ठेवलेले जे काही आहे ते घरातच आहे: ट्रंकेत, मांडणीच्या फळीवर, फोटोफ्रेमच्या मागे खोचलेले. पण दुसरा, अधिक टोचणारा प्रश्न आपण विचारत नाही. आपण तरी काय जपले?

काही माणसांनी जपले. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेब हयात असतानाच कागद, पत्रे, आठवणी गोळा करायला घेतल्या आणि 1952 साली चरित्राचा पहिला खंड आणला. नागपूरच्या दीक्षा सोहळ्याचे संघटक वामनराव गोडबोले यांनी नागपूरजवळच्या चिचोली येथे शांतिवन उभे केले. तिथे बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र, वापरातल्या वस्तू आहेत. वसंत मून यांनी सरकारी खंडांसाठी हस्तलिखितांचे ढीग उपसले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली दिले. ते झाले नसते तर कितीतरी बायका केवळ 'सभेला महिलांची उपस्थिती लक्षणीय होती' एवढ्या एका वाक्यात संपल्या असत्या.

पण यातले बहुतेक काम बाबासाहेबांच्या वस्तूंचे आणि शब्दांचे आहे, आणि ते व्हायलाच हवे होते. बाबासाहेबांच्या मागे चालणाऱ्या लाखोंच्या वस्तूंचे काय? चौकाचौकात पुतळे उभारणारा, जयंतीला डीजेवर लाखो रुपये खर्च करणारा आपला समाज समता सैनिक दलात असलेल्या आजोबांचा बिल्ला भंगारात जाताना गप्प का असतो? 1956 साली जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. वस्तू अजून पन्नास वर्षेही टिकेल. तिच्याबद्दल सांगणारे माणूस तेवढे टिकणार नाही. आणि सांगणारे माणूस गेले की दीक्षेचे लुगडे 'कुणा विधवेचे लुगडे' होते.

वस्तू आणि तिची गोष्ट एकत्र राहिली तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडे आहे. दक्षिण कॅरोलिनात रोझ नावाच्या गुलाम स्त्रीची नऊ वर्षांची मुलगी ॲश्ली विकली गेली. आईने तिला कापडी पिशवी दिली. त्यात एक फाटका झगा, तीन मुठी पेकनचे दाणे आणि स्वतःच्या केसांची एक वेणी. मायलेकींची पुन्हा भेट झाली नाही. 1921 साली ॲश्लीच्या नातीने, रूथ मिडलटनने, ही हकीकत त्याच पिशवीवर सुईदोऱ्याने थोडक्या ओळींत भरून ठेवली. 2007 साली टेनेसी राज्यातल्या एका जुन्या बाजारात ती पिशवी चिंध्यांमध्ये सापडली. रूथने ते भरतकाम केले नसते तर ती चिंधीच होती. पुढे ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात मांडली गेली. हे संग्रहालय 2016 साली उघडले. सुरुवातीला त्यांच्याकडे वस्तूच नव्हत्या. म्हणून 2008 पासून त्यांनी शहरोशहरी शिबिरे घेतली: तुमच्या माळ्यावरच्या, पेट्यांतल्या वस्तू घेऊन या, त्या कशा जपायच्या ते आम्ही सांगतो. लोकांनी वस्तू आणल्या, शिकून घेतले आणि बहुतेकांनी त्या परत घरी नेल्या. हे परत घरी नेणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

त्याच अमेरिकेत एक उलटे उदाहरणही आहे. 1936 ते 1938 या काळात सरकारी योजनेतून पूर्वीच्या गुलामांच्या 2,300 हून अधिक मुलाखती लिहून घेतल्या गेल्या. सांगणारे बहुतेक ऐंशीच्या पुढचे. विचारणारे बहुतेक गोरे. मंदीचा काळ होता, घरात उपासमार होती, आणि सरकारी माणूस दारात आला म्हणजे पेन्शन मिळेल या आशेने कितीतरी म्हातारे समोरच्याला आवडेल तेच बोलले. चार्ल्स्टनच्या सुझन हॅमलिन या वृद्धेच्या मुलाखती दोघांनी घेतल्या. गोऱ्या बाईंना तिने मालक बरा होता असे सांगितले. काळ्या मुलाखतकाराला फटक्यांची आणि मायलेकरांच्या ताटातुटीची हकीकत सांगितली. स्मरणशक्ती तीच, वय तेच. बदलला तो फक्त समोर बसलेला माणूस.

बाबासाहेबांनी 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना हाच मुद्दा राजकीय हक्कांच्या संदर्भात मांडला होता: अस्पृश्यांच्या वतीने दुसरा कोणी बोलू शकत नाही, अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यच हवा. पुढच्याच वर्षी 'मूकनायक' निघाले. आमचे म्हणणे एवढेच की हे तत्त्व आपल्या घरातही लावा. आजीच्या ट्रंकेची हकीकत विद्यापीठातला संशोधक सांगणार, एनजीओचा फिल्डवर्कर सांगणार, की आजी? आणि आम्ही आंबेडकरी कार्यकर्ते आहोत म्हणून आमच्या हातात माइक आपोआप शोभतो, असेही समजू नये. आमच्यातही पुढारपण करण्याची खोड आहे.

सुरुवातीला आम्ही तेच केले. आजींच्या घरी पुन्हा गेलो, त्यांच्यासमोर स्टँडवर मोबाइल लावला, आणि पहिला प्रश्न टाकला, "आजी, तुम्ही बाबासाहेबांना पाहिलं का?" आजी अवघडल्या. अंत्ययात्रेच्या गर्दीत त्यांना काही दिसलेच नव्हते. नाही म्हणताना त्यांना अपराधी वाटले आणि त्या गप्प झाल्या. आम्ही हा प्रश्न नंतर जिथे जिथे विचारला तिथे तिथे निम्मी माणसे अशीच मिटली. ज्याने बाबासाहेबांना पाहिले तोच इतिहासाचा साक्षीदार, असे आपणच ठरवून टाकले आहे. आता आम्ही विचारतो, "ही वस्तू घरात कशी आली?" मग थांबावेच लागत नाही.

दुसरी गोष्ट, मोबाइल आम्ही धरला होता. आजींच्या घरात त्यांच्या नावाचा मोबाइल होता, पण तो वाजला की उचलायचा एवढेच त्यांना माहीत. का माहीत नाही, याचाही विचार करा. या पिढीची तंत्रज्ञानाशी ओळख कशी झाली? बँकेत अंगठा लावा, रेशनला अंगठा लावा, ओटीपी आला का सांगा, केवायसी झाली नाही म्हणून पैसे अडले. प्रत्येक वेळी यंत्र दुसऱ्याच्या हातात आणि अंगठा यांचा. त्यात फसवणुकीच्या बातम्या. चुकीचे बटण दाबले तर खात्यातले पैसे जातील, ही भीती अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे. नातवंडांची घाई त्याहून वाईट. "तुला नाही जमणार, आण इकडे," असे म्हणून मोबाइल हातातून ओढून घेणाऱ्या प्रत्येक नातवाने विचार करावा की हे वाक्य आपल्या पूर्वजांनी कोणाकडून ऐकले होते.

म्हणून आम्ही पद्धत बदलली. रेकॉर्डिंग आम्ही करायचे नाही, त्यांना शिकवायचे. मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर फक्त तीन चित्रे ठेवली: फोन, कॅमेरा, आवाज रेकॉर्डर. अक्षरे मोठी केली. सर्वात उपयोगी पडला तो विमान मोड. तो लावला की कॉल येत नाही, मेसेज येत नाही, इंटरनेट बंद, म्हणजे काहीही दाबले तरी पैसे जाऊ शकत नाहीत. हे पटल्यावर आजींचे बोट पहिल्यांदा न घाबरता लाल गोलावर टेकले. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त स्वतःचे नाव रेकॉर्ड करून ऐकले. आठ वेळा ऐकले. दुसऱ्या दिवशी आम्हाला चहा देऊन म्हणाल्या, "तुम्ही गॅलरीत बसा जरा." आणि दार ओढून घेऊन एकट्याच बोलल्या.

हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी. एका वस्तूचे एकच रेकॉर्डिंग करावे आणि सुरुवातीला आपले नाव, गाव आणि वस्तू सांगावी, म्हणजे पुढे फाइल कुठेही गेली तरी ओळख सोबत राहते. पंखा बंद, कुकर उतरवलेला, मोबाइल घडी केलेल्या टॉवेलवर. वस्तूचा फोटो दारातल्या उजेडात, पुढून आणि मागून. शेजारी एक नाणे ठेवले की आकार कळतो. जुन्या फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तो सोडू नका. फोटोवर बॉलपेनने लिहू नका, मागे मऊ पेन्सिलने हलके लिहा. लॅमिनेशन तर अजिबात नको. कितीतरी घरांत 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक प्रेमापोटी लॅमिनेट करून कायमचे बिघडवले आहेत. चिकटपट्टीही नको. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्याचा दर्जा घसरतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जाते. एक प्रत मोबाइलमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या नातलगाच्या घरी.

आणखी एक. बोललेले आपोआप लिहून देणारी ॲप आहेत. आम्ही ती वापरून पाहिली. त्यांना पुस्तकी मराठी बरी कळते. आजींची बोली त्यांना कळत नाही, भलतेच काहीतरी उमटते. तेव्हा मूळ आवाज हाच दस्तऐवज समजावा आणि लिहून काढताना 'हाय'चे 'आहे' करू नये. आपल्या लेखकांनी भाषेची ही लढाई साहित्यात जिंकलेली आहे, ती मोबाइलवर हरायला नको.

वस्तू बोलायला लागली की काय काय निघते याचा एक नमुना देतो. दुसऱ्या एका चाळीत एका काकांनी आपल्या वडिलांचा गिरणीचा पास काढला. त्यावर खात्याचे नाव होते, रिंग खाते. काकांना त्यात विशेष वाटत नव्हते. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते सहज बोलून गेले की वडिलांना विणकाम खात्यात जायचे होते, तिथे पगार जास्त होता, पण 'आपल्यांना तिकडे घेत नव्हते'. का घेत नव्हते? तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या उष्ट्या धाग्याला सवर्ण कामगार हात लावत नसत. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. कामगार-कामगार एक म्हणता, मग विणकाम खात्याचे दार आमच्यासाठी बंद का? आपण हा मुद्दा पुस्तकात वाचतो, भाषणात सांगतो. काकांच्या घरात त्याचा पुरावा पासच्या रूपाने सत्तर-ऐंशी वर्षे पडून होता, आणि काकांनी तो आजवर गिरणीच्या घरांसाठीच्या कागदपत्रांपुरता सांभाळला होता.

जी वस्तू आज घरात उरलीच नाही तिचाही आवाज कधी कधी उरतो. जाते घ्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती पायरीला, अंगणाला लागली. त्यावर गायलेल्या ओव्याही गेल्या असत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 1996 साली माजलगावच्या भीमनगरमध्ये त्यांनी बायकांनी रचलेल्या बाबासाहेबांच्या, बुद्धाच्या ओव्या टेपवर घेतल्या. त्या पुढे 'परी' या संकेतस्थळावर आल्या. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी धम्मक्रांती कशी समजून घेतली, हे आज ऐकता येते ते त्या टेपमुळे. तेव्हा टेपरेकॉर्डर गावात बाहेरून यावा लागला. आज तो प्रत्येक घरात आहे.

सगळीकडे ट्रंक असेलच असेही नाही. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांशी बोलताना आम्ही उत्साहाने वस्तूंबद्दल विचारले, तेव्हा एकाने थंडपणे सांगितले, "आमच्या घरात अठ्ठ्याहत्तरच्या आधीची वस्तू नाही." 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडला. जळालेल्या घरात काय होते, ते ज्यांनी वापरले त्यांना आठवते. तिथे वस्तूचा फोटो निघणार नाही. पण 'आमच्याकडे काय काय होते' याची यादी आवाजात नोंदवता येते: दोन हंडे, बियाण्याची कणगी, मुलाची दप्तराची पिशवी. पंचनाम्यात नुकसान रुपयांत लिहिले गेले असेल. ही यादी त्यात नसणार.

काही वस्तू आपल्या माणसांनी स्वतः फेकल्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दीक्षेनंतर देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. गावकीची घुंगराची काठी कोणी जपली नाही. त्या फेकण्यातच मुक्ती होती. त्यामुळे जुने ते सारे जपा, असे सरसकट सांगायला आम्ही निघालेलो नाही. काठी फेकली तो दिवस मात्र सांगण्यासारखा आहे, आणि तो सांगायचा की नाही हे सांगणाऱ्याने ठरवायचे. काही वृद्ध नाही म्हणतात. "कशाला ते पुन्हा? पोरांना ठावं नसलेलं बरं," म्हणतात. आमच्यातले काही तरुण अशा वेळी आग्रह करतात, इतिहासाची गरज वगैरे समजावतात. हा आग्रह आम्हाला मान्य नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहून वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. कधी बाहेर काढायचे ते त्यांनी ठरवले.

वरळीच्या आजींच्या मोबाइलमध्ये आता अकरा रेकॉर्डिंग आहेत. लुगड्याचे आहे, पितळी तांब्याचे आहे, एका तुटक्या चष्म्याचे आहे. त्यातली नऊ त्यांनी नातीला आणि आम्हाला पाठवली. दोन ठेवून घेतली. त्यात काय आहे, आम्ही विचारले नाही. नातीने विचारले तेव्हा म्हणाल्या, "मी गेल्यावर ऐक." ती फाइल पुसली जाऊ नये म्हणून पेन ड्राइव्हवर कशी घ्यायची, तेवढे त्यांनी आमच्याकडून शिकून घेतले.

लुगडे धुतले नाही, इस्त्री केले नाही. जुन्या सुती धोतरात गुंडाळून नव्या घराच्या कपाटात वरच्या खणात ठेवले आहे, महिन्यातून एकदा आजी उघडून बघतात. ट्रंक मात्र गेली. तळ पार कुजला होता, आणि जाऊ द्या तिला, असे आजीच म्हणाल्या. भंगारवाल्याला देण्याआधी तिचा एक फोटो त्यांनी स्वतः काढला, शेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवून.